ठेच आणि दगड

रेकॉर्ड रूममधून घरी आली की तिच्या कपड्यांना ओल, वाळवीचं औषध आणि जुना कागद असा मिळून एक वास येई. एम.डी.च्या थिसिससाठी तिला सर्पदंशाच्या पेशंटचे मागच्या पाच वर्षांतले केसपेपर हवे होते. "रेकॉर्ड रूममध्ये मिळतील," एवढंच गाइडनी सांगितलं होतं. मिळाले, पण अडीच महिन्यांनी. गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर 'ऑगस्ट' आणि आत मार्चचे कागद. बाळंतपणाच्या गठ्ठ्यात हर्निया, हर्नियाच्या गठ्ठ्यात विंचू. ड्यूटी संपली की ती तिथे जायची, सुतळ्या सोडायची, कागद उलटायची, शिंकायची. शेवटचा केसपेपर हाती लागला त्या रात्री तिने लॅपटॉप मिटला आणि जाहीर केलं, "सुटले एकदाची! आता त्या खोलीचं तोंड बघायची नाही."

आजोबा झोपाळ्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांची सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेली. अडकित्ता चालू ठेवूनच त्यांनी विचारलं, "गठ्ठे लावून ठेवलेस का गं परत?"

"ठेवले की. होते तसेच."

अडकित्ता थांबला.

"होते तसेच म्हणजे पुढच्या वर्षी जो कुणी येईल, त्यालाही अडीच महिने."

"लागू देत. माझ्यासाठी कुठे कुणी यादी करून ठेवली होती?"

"नव्हती," आजोबा म्हणाले. "बिलिंग्जसाठीही कुणी करून ठेवली नव्हती. बस जरा. सांगतो."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली.

जॉन शॉ बिलिंग्जचा जन्म १२ एप्रिल १८३८ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. घर शेतकऱ्याचं, गाव आडबाजूचं. पोराला वाचनाचं वेड. वाचताना मध्येच एखादं लॅटिन वाक्य आलं की घोडं अडायचं. गावात लॅटिनची शाळा नव्हती. त्याने पाद्र्याला गाठलं, व्याकरणाचं पुस्तक मिळवलं आणि घरीच लॅटिन शिकला. पुढे कॉलेजला जायचं तर पैशांची अडचण. तेव्हा या पोराने वडिलांशी सौदा केला : मला कॉलेजपुरती मदत करा, मग तुमच्या मागे जे काही राहील ते सगळं बहिणीचं.

"सातबाऱ्यावरच्या दोन गुंठ्यांसाठी तीन पिढ्या कोर्टात जाणारे आपण बघितलेत," आजोबा म्हणाले. "याने शिक्षण घेतलं आणि सातबारा सोडला."

१८५७ मध्ये तो ओहायोच्या मायामी विद्यापीठातून पदवीधर झाला आणि वर्षभराने सिनसिनाटीच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाला. त्या काळी अमेरिकेत डॉक्टर होणं म्हणजे दोन हिवाळे व्याख्यानं ऐकणं. दुसऱ्या हिवाळ्यात बहुतेक तीच व्याख्यानं पुन्हा. पेशंटच्या नाडीला बोट न लावताही माणूस डॉक्टर होऊन बाहेर पडू शकत असे. बिलिंग्ज त्या व्याख्यानांना फारसा फिरकला नाही. पुस्तकातलं पुस्तकात वाचून होतं, हे त्याने ओळखलं होतं. तो मुक्कामाला असल्यासारखा शवविच्छेदनाच्या खोलीत आणि वॉर्डात असायचा. खिसा रिकामा. एक अख्खा हिवाळा त्याने आठवड्याला ७५ सेंटमध्ये, दूध आणि अंड्यांवर काढला.

१८६० मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहायची वेळ आली. त्याने विषय घेतला फेफऱ्याचा, म्हणजे अपस्मारावरच्या शस्त्रक्रियेचा. प्रश्न सरळ होता. अशा शस्त्रक्रिया आजवर किती झाल्या, किती जण बरे झाले, किती दगावले? उत्तरं कुठे ना कुठे छापलेली होतीच. कुणी पॅरिसच्या मासिकात लिहिलं होतं, कुणी लंडनच्या, कुणी जर्मन ग्रंथात. पण कुठल्या पानावर, ते सांगणारं कुणी नव्हतं. गावातली ग्रंथालयं संपली, मग शोध फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कपर्यंत गेला. हजारभर खंड उलटून झाले. सहा महिने गेले.

"सहा महिने?" नात म्हणाली. "आणि एवढं करून मिळालं का?"

"प्रबंधापुरतं मिळालं. पण त्या सहा महिन्यांत त्याला तीन गोष्टी कळल्या. एक, असं शोधणं म्हणजे नुसती वेठबिगारी. दोन, पुस्तकामागच्या सूचीवर विसंबता येत नाही. पुस्तकाचं नाव एक, आत भलतंच."

"वर ऑगस्ट, आत मार्च."

"तेच. आणि तीन, वैद्यकाचं बरंचसं वाङ्मय एका छपराखाली सापडेल असं एकही ग्रंथालय आख्ख्या अमेरिकेत नाही. या तीन गोष्टी कळल्या, प्रबंध सादर झाला, पदवी मिळाली. आता मला सांग, त्याच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?"

ती काही बोलली नाही. काय केलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

"तू म्हणालीस तेच तोही म्हणाला असेल, सुटलो एकदाचा. त्यात गैर काही नाही. आणि त्याला तर मागे वळून बघायला फुरसतही मिळाली नाही. युद्ध पेटलं."

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. लष्करी सर्जनच्या परीक्षेत बिलिंग्ज पहिला आला आणि १८६२ मध्ये सैन्यात दाखल झाला. पुढच्या वर्षी चॅन्सलर्सविल, मग गेटिसबर्ग. गेटिसबर्गच्या तीन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून हजारो जखमी झाले, आणि लढाई थांबली तरी सर्जनचं काम थांबलं नाही. फील्ड हॉस्पिटल म्हणजे कुणाचं तरी घर, नाहीतर कोठार. दार बिजागरीवरून काढायचं, त्याचंच ऑपरेशन टेबल. जंतू म्हणजे काय हे तेव्हा सर्जनांना माहीत नव्हतं. एकाच सुरीने एकामागून एक माणूस, हात धुवायला बादलीतलं तेच पाणी. बिलिंग्जने दिवसरात्र शस्त्रक्रिया केल्या. पाय कापायचा की ठेवायचा, हे क्षणात ठरवायचं. आणि मागच्या शंभर सर्जनांचा अनुभव काय सांगतो, ते हाताशी नाही.

"प्रबंधाच्या वेळी माहिती नसली तर सहा महिने जातात," आजोबा म्हणाले. "इथे पाय जायचा."

१८६४ च्या अखेरीस त्याची नेमणूक वॉशिंग्टनला, सर्जन जनरलच्या कचेरीत झाली. कागदपत्रांचं, हिशेबांचं काम. शूर सर्जनला खुर्चीत बसवलं की तो कुरकुरतो. बिलिंग्ज तिथे तीस वर्षं राहिला.

त्या कचेरीत लहानसं ग्रंथालय होतं, दोन-सव्वादोन हजार पुस्तकांचं. युद्ध संपलं, तात्पुरती लष्करी इस्पितळं बंद झाली, आणि त्यांच्या निधीतले सुमारे ८० हजार डॉलर शिल्लक निघाले. ते ग्रंथालयाकडे वळले. आणि बिलिंग्जला आपले सहा महिने आठवले.

इथे आजोबांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

"नीट ऐक, गोष्टीचं मर्म इथेच आहे. त्याचा प्रबंध होऊन पाच वर्षं झाली होती. अपस्माराशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. त्या यादीची त्याला स्वतःला आता गरजच नव्हती. गरज असताना तोडगा शोधणारे सगळेच असतात, त्यात पुण्य कसलं? गरज संपल्यावर जो मागे फिरतो, त्याची गोष्ट सांगायची असते. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. पण मागचा शहाणा व्हायला पुढच्याने निदान ओरडायला तरी हवं. हा ओरडला नाही. हा परत आला आणि दगड उचलायला बसला."

ग्रंथालयाला जागा मिळाली ती फोर्डच्या नाट्यगृहात. १४ एप्रिल १८६५ ला याच नाट्यगृहात अध्यक्ष लिंकनवर गोळी झाडली गेली होती. त्यानंतर तिथली नाटकं बंद पडली. सरकारने इमारत घेतली, आणि त्याच भिंतींत पुस्तकं येऊ लागली. बिलिंग्जने मागण्याची लाज कधी धरली नाही. डॉक्टरांना पत्रं, संपादकांना पत्रं, परदेशातल्या वकिलातींना पत्रं. तुमच्या माळ्यावर जुनी मासिकं पडली असतील, ती पाठवा. दोन प्रती असतील तर एक द्या, बदल्यात आमच्याकडची जास्तीची घ्या. दुसऱ्याच्या घरातली रद्दी त्याच्याकडे आली की तिचा ग्रंथ व्हायचा.

पण नुसती पुस्तकं जमवली तर रेकॉर्ड रूमच तयार होते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? मुख्य काम होतं सूचीचं. मासिक आलं की बिलिंग्ज स्वतः चाळायचा आणि महत्त्वाच्या लेखांवर पेन्सिलीने खूण करायचा. मग कारकून त्या प्रत्येक लेखाचं एक कार्ड लिहायचे : विषय, लेखक, मासिक, वर्ष, पान. दिवसा कचेरी; संध्याकाळी मासिकांचे भारे घरी, आणि रात्री दिव्याखाली पुन्हा पेन्सिल. एक खूण, एक कार्ड. अशी वर्षं.

"कंटाळला नसेल?" नातीने विचारलं.

"कंटाळा मलाही यायचा कार्डं लिहिताना. पण एक कार्ड लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि ते नसलं तर शोधणाऱ्याचा दिवस जातो. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पेन्सिल खाली ठेवता येत नाही."

१८७६ मध्ये त्याने सूचीचा नमुना छापून जाणत्या लोकांकडे पाठवला. डॉक्टरांनी तो पाहिला आणि संसदेने छपाईला पैसे द्यावेत म्हणून धोशा लावला. १८८० मध्ये पहिला खंड निघाला. 'ए' अक्षरापासून सुरू झालेला तो जाडजूड ग्रंथ कसाबसा 'बर्लिन्स्की'पर्यंत पोचला! पुढचे खंड जवळजवळ वर्षाला एक असे येत राहिले. १८९५ पर्यंत सोळा झाले. लेखक आणि विषय एकाच वर्णक्रमात. शब्दकोशात शब्द बघावा तसा रोग बघायचा. तरी एक पेच होताच. खंड छापून होईपर्यंत नवे लेख येऊन पडायचे. म्हणून रॉबर्ट फ्लेचर या सहकाऱ्याबरोबर त्याने १८७९ पासून 'इंडेक्स मेडिकस' हे मासिक सुरू केलं. जगभर वैद्यकात नवं काय छापलं गेलं, त्याची दर महिन्याची यादी.

तो निवृत्त झाला तेव्हा सव्वादोन हजारांचे १ लाख १६ हजारांवर ग्रंथ झाले होते, शिवाय १ लाख ९१ हजारांवर पुस्तिका.

"थांबा," नात म्हणाली, "इंडेक्स मेडिकस म्हणजे…"

"तेच. त्याचं १९६० च्या दशकात संगणकावर बस्तान बसलं, मग मेडलाइन झालं, आणि १९९७ पासून सगळ्या जगाला फुकट खुलं झालेलं तुझं पबमेड. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर 'स्नेकबाइट' असं टाकतेस आणि क्षणात हजारो लेख पुढ्यात येतात ना? त्या यादीच्या मुळाशी एका पोराचे वाया गेलेले सहा महिने आहेत."

ती फोनकडे बघत राहिली.

"त्याच्या दुसऱ्या ठेचेचं सांगायचं राहिलं," आजोबा म्हणाले. "ती दोन हिवाळ्यांच्या व्याख्यानांची."

बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स नावाचा एक धनिक व्यापारी होता. १८७३ मध्ये तो वारला आणि सत्तर लाख डॉलर ठेवून गेला. निम्मे विद्यापीठासाठी, निम्मे इस्पितळासाठी. इस्पितळ पुढे विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचाच भाग व्हावं, अशी त्याची इच्छा. विश्वस्तांनी १८७५ मध्ये पाच तज्ज्ञांकडून आराखडे मागवले. निवडला गेला तो लष्करी सर्जन बिलिंग्जचा. सैन्याच्या बराकी आणि इस्पितळं यांची पाहणी करून त्याने अहवाल लिहिले होते. कोंदट खोलीत माणसं कशी मरतात ते त्याला पाठ होतं. त्यामुळे हवा कुठून येईल, कुठून जाईल, इथपासून त्याने विचार केला. पण त्याच्या आराखड्याचा गाभा विटांत नव्हता. इस्पितळ रोगी बरे करण्यासाठी आहे, तसंच ते शिकवण्यासाठी आणि नवं शोधण्यासाठीही आहे, असं त्याने मांडलं. विद्यार्थी थोडे घ्या, पण तयारीचे घ्या. त्यांना प्रयोगशाळेत आणि पेशंटच्या खाटेपाशी उभं करा. जे त्याने सिनसिनाटीत चोरून-मारून, व्याख्यानं बुडवून मिळवलं होतं, ते त्याने इथे अभ्यासक्रमात बसवलं.

माणसं निवडण्यातही त्याचा हात होता. पॅथॉलॉजीसाठी विल्यम वेल्च आला. मग मेडिसिनसाठी विल्यम ऑस्लर. तो किस्सा ऑस्लरनेच पुढे सांगितला. बिलिंग्ज फिलाडेल्फियात त्याच्या खोलीवर आला, बसलासुद्धा नाही. हॉपकिन्सच्या इस्पितळात मेडिसिनचा विभाग सांभाळाल का, असं थेट विचारलं. ऑस्लर हो म्हणाला. बाकीचं वेल्चशी बोलून घ्या, असं सांगून बिलिंग्ज निघूनही गेला. दोन मिनिटांचं काम. चहापाणी नाही, मानपान नाही.

"तुमच्यासारखाच दिसतोय," नात हसली.

७ मे १८८९ ला इस्पितळ उघडलं. वैद्यकीय शाळेला मात्र पैसे उरले नाहीत, कारण हॉपकिन्सचा ठेवा ज्या रेल्वेच्या शेअरमध्ये होता ते गडगडले होते. मदतीला आल्या त्या बायका. मेरी एलिझाबेथ गॅरेट आणि तिच्या मैत्रिणींनी निधी उभारला, गॅरेटने त्यात मोठी भर घातली आणि पाच लाख डॉलर पुरे झाले. पण अटी घालून. मुलींना मुलांच्याच बरोबरीने प्रवेश हवा, आणि प्रवेशाआधी पदवी हवी. शाळा १८९३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. पहिल्या वर्गात अठरा जण, त्यांत तीन मुली.

"आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये त्याच देशात डॉक्टर झाल्या," आजोबा म्हणाले, "पण त्या बायकांच्या वेगळ्या कॉलेजातून. सात वर्षांनी हॉपकिन्सचं दार उघडलं. तिथेही कुणीतरी दगड उचलला तेव्हाच उघडलं."

"आणि बिलिंग्ज? तो तिथला डीन झाला असेल."

"नाही. झाला वेल्च. लोक आज नाव घेतात वेल्चचं, ऑस्लरचं. बिलिंग्ज आपल्या कार्डांकडे परतला. आणि तोच वेल्च पुढे म्हणायचा की अमेरिकेने वैद्यकाला दिलेली सगळ्यांत मोठी देणगी म्हणजे हे ग्रंथालय आणि त्याची सूची. बिलिंग्ज सैन्यातून निवृत्त झाला आणि न्यूयॉर्कला सार्वजनिक ग्रंथालय उभं करायला गेला. १९११ मध्ये त्याची भव्य इमारत उघडली, १९१३ मध्ये तो गेला. त्याचा तो अपस्मारावरचा प्रबंध? आज तो शोधून वाचायला कुणी जात नाही. ज्या कामासाठी त्याने सहा महिने घाम गाळला, ते विसरलं गेलं. त्या कामात जी ठेच लागली, तिचं त्याने जे केलं, ते उरलं."

आजोबांनी पुन्हा अडकित्ता उचलला. बराच वेळ फक्त सुपारीचा कटकट आवाज येत राहिला. मग ती उठली, आत गेली आणि झोपली. दोघांपैकी कुणीच आणखी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती रेकॉर्ड रूमच्या दारात उभी राहिली. काखेत दोनशे पानी रजिस्टर, पिशवीत मार्कर, कोऱ्या चिठ्ठ्या आणि सुतळीचं नवं बंडल. रेकॉर्डचे मामा कुलूप लावायच्या बेतात होते.

"मॅडम, तुमचं तर झालं ना काम? काल पेढेपण दिलेत."

"माझं झालं, मामा. पुढच्याचं राहिलंय."

मामांना काही उलगडा झाला नाही. तिने टेबलावरची धूळ ओढणीने पुसली, रजिस्टर उघडलं, पट्टीने चार उभ्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं : महिना, आजार, गठ्ठा नंबर, कप्पा. मग जवळचा 'ऑगस्ट'चा गठ्ठा ओढला, सुतळी सोडली, जुनी चिठ्ठी फाडली आणि नव्या चिठ्ठीवर 'मार्च' लिहिलं.

मामा थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ चिठ्ठीकडे बघत राहिले. या खोलीत त्यांची वीस वर्षं गेली होती; इथे येऊन शिव्या घालून गेलेले किती तरी डॉक्टर त्यांनी पाहिले होते. त्यांनी कुलूप पुन्हा खुंटीला अडकवलं.

"वरच्या फळीवरचे तुम्हाला पोचायचे नाहीत," ते म्हणाले आणि शिडी आणायला गेले.